एकशे चार

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, साडेनऊला,
मिस्टर हेपवर्थ येतात.
टायरच्या दुकानामागच्या माझ्या गाळ्यासमोर
बाटलीहिरवी रोव्हर रिव्हर्सने लावतात.
डॉनकास्टरचं ऊन तोवर जेमतेम कोमट.
"कोळ्याचं जाळं पुन्हा दिसतंय," म्हणतात,
बॉनेटकडे बोट दाखवतात, टेकवत नाहीत.

दिसतं. दिवा तिरका धरला की दिसतंच.
हिवाळाभर रस्त्यावर पसरलेलं मीठ,
त्यावर यांचा एकच स्पंज, एकच बादली.
सहा वर्षं सांगतेय, दोन घ्या.
"हो हो," म्हणतात.

मी गेज टेकवते. टक.
पहिल्या वर्षी एकशे बावीस मायक्रॉन होते.
मग एकशे अठरा. एकशे पंधरा.
वहीत आहे सगळं, दुधाच्या हिशोबासारखं.
आज एकशे चार.
आणि डाव्या कडेला, पत्रा वळतो तिथे,
त्र्याण्णव.
यात प्रायमर आला, हिरवा रंग आला,
सगळ्यात वरचा, काचेसारखा क्लिअरकोट आला.
त्याचा एकट्याचा किती उरलाय
हे यंत्र सांगत नाही.
ते आपण ताडायचं, आणि घाबरून ताडायचं.

"दर वर्षी मशीन नको," मी म्हणते.
"तीन-चार वर्षांतून एकदा, तेही मऊ पॅडने.
एरवी नीट धुवा, वॅक्स लावा,
चार ओरखडे असू देत.
ही चमक मी वरून चढवत नाही हो.
ओरखड्याच्या तळाशी
आजूबाजूचं सगळं उतरवून आणते, एवढंच."

कल्हईवाला काहीतरी लावून जायचा.
मी काढून नेते
आणि पैसेही घेते.
हे इंग्रजीत सांगायला गेले, जमलं नाही.

ओतूरला, माहेरच्या देवघरात,
खंडोबाचा चांदीचा टाक आहे.
चार पिढ्यांनी चिंच लावून, राख लावून घासला.
खंडोबाला आता डोळे नाहीत, मिशी नाही.
घोड्याचे मागचे पाय ओळखू येतात,
आणि कुत्रा,
कोपऱ्यात होता म्हणून वाचला.
एकाही सुनेने कधी हयगय केली नाही.
त्याचंच हे.

हेपवर्थ वहीतले आकडे बघतात,
चष्मा काढून, मग घालून.
"मग एप्रिलमध्ये मी करू काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
खुर्ची बाहेर काढली, चहा दिला,
दुधाचा, त्यांना लागतो तसा फिका.
मशीनला सगळ्यात मऊ पॅड चढवलं,
पेस्टचा डबा उघडलाच नाही,
पॅडवर वॅक्सचं बोट फिरवलं फक्त.
आवाज तोच.
चाळीस मिनिटं ते त्या आवाजासमोर बसले,
कप केव्हाच रिकामा झाला होता.

मग गाडीभोवती दोन फेऱ्या.
जाळं अजून होतं, वॅक्सखाली, अंधुक.
त्यांना दिसलं असावं. डोळे अजून चांगले आहेत त्यांचे.

"आज वहीत काय लिहिलंस?"
"एकशे चार."
"आधी?"
"एकशे चार."

ते मान हलवत राहिले जरा वेळ.
मग दाराशी रचलेल्या बादल्यांकडे वळून,
माझ्याकडे न बघता,
"त्यातली लाल केवढ्याला?"