नव्वदावा दिवस

सातव्या दिवशी ठोकळा यंत्राच्या जबड्यात गेला.
काटा जरासा उठला, बसला,
आणि शिळ्या पावासारखा ठोकळ्याचा भुगा झाला.
पुलाचा तपासनीस झिक्रेत खिडकीपाशी उभा होता.
वहीत रेघ मारून म्हणाला,
"राख ती राखच, मुनेवेरा."

ती काही बोलली नाही.
तुझलाच्या धुरांड्यांखाली वाढलेल्या मुलीला
राख काय असते हे कुणी शिकवावं लागत नाही.
दोरीवरच्या चादरी दुपारपर्यंत करड्या व्हायच्या.
वारा फिरला की आई सगळ्यांना आत ओढून
दाराच्या फटीत ओली फडकी कोंबायची.
आजोबांची आलुबुखाराची बाग होती त्या खोऱ्यात
आता राखेचं तळं आहे.
त्यावर पाखरू बसतं
आणि लगेच उठतं.

पण सूक्ष्मदर्शकाखाली तीच राख:
गोल गोल, काचेचे मणी, काही आतून पोकळ.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला रागच आला.
इतकं देखणं असायची काय गरज होती?

झिक्रेतच्या वहीत जे नुसतं 'खडी' म्हणून लिहिलंय
ती युद्धात पडलेली शाळा आहे, दळलेली.
एका खड्यावर अजून हिरवा ऑइलपेंट,
मुलांच्या खांद्याच्या उंचीपर्यंत लावतात तसला.

बाकीचे ठोकळे हौदात, पाण्याखाली.
सिमेंट उतावळं, पहिल्या आठवड्यातच बरंचसं बोलून मोकळं.
मागे चुना उरतो, बिनकामाचा,
आणि राख, जिला कुणी विचारलंही नव्हतं,
त्याला हाताशी धरून एकेक भोक बुजवत जाते,
प्रयोगशाळेला कुलूप असतं तेव्हाही.
घरी तळघरात पिंपात कोबी मुरत होता.
हेही तसंच, मुनेवेरा स्वतःला म्हणाली.
मुरू दे.

नव्वदाव्या दिवशी झिक्रेत आला नाही,
त्याच्या मुलीचं लग्न होतं.
काटा चढला. चढत राहिला.
तिने नकळत एक पाऊल मागे घेतलं.
मग गोळी सुटावी तसा आवाज,
आणि शेजारच्या खोलीतला म्हातारा फिक्रो टेबलाखाली.
तीस वर्षं झाली, कान विसरत नाहीत.
तिने त्याला पाणी दिलं,
मग आकडा लिहिला, दोनदा तपासून.
ती जुनी रेघ तशीच राहू दिली.

एक साबूत ठोकळा ती घरी घेऊन गेली,
पिंपातल्या कोबीवर दाब ठेवायला.
शेफिकाने तो तळव्यावर तोलला, वास घेतला.
"जन्मभर खाल्ली मी ही," आई म्हणाली,
"कोबीवर नको."
आणि फाटकाला टेकवून ठेवला,
वाऱ्याने आपटू नये म्हणून.

पुलाला पुढे चाळीस ट्रक राख लागली.
तळ्याकडे बघून ते कळत नाही.