चोरखिसा

रुवीत, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत
माझं दुकान आहे. पाटीवर अरबीत काय लिहिलंय
ते एकोणीस वर्षांत मला नीट वाचता आलं नाही,
लोक शिवण ओळखून येतात.

शाहदाद बलोच आला तेव्हा दुपारची सामसूम.
पिशवीतून त्याने तीन पिस्तुलं काढली,
निळ्या प्लास्टिकची, सरावाची, वजनाला मात्र खरी,
आणि बेतायच्या टेबलावर मांडली
बोहारणीने भांडी मांडावीत तशी.
"शेटनं सांगितलंय, यातलं एक पसंत कर.
मास्तर, कोट म्हणेल ते घेऊ."

कोट बोलतो, हे खरं.
पोट सुटलेले नवरदेव,
एक खांदा उतरलेला बँकेचा मॅनेजर,
सगळ्यांचं झाकत आलो.
हे पहिल्यांदाच.

मोठं आधी. उजव्या कमरेला लावून तो उभा राहिला
तोवर ठीक. वाकला, तर पाठीत मूठ उमटली,
कुबड आल्यासारखी.
म्हटलं, बसून दाखव. तुला दिवसभर गाडीतच बसायचंय.
बसला, तर नळी मांडीत आणि मूठ बरगडीत.
ते बाजूला सारलं.

सगळ्यात धाकटं तळहाताएवढं.
कोटाखाली गेलं आणि नाहीसंच झालं.
मी खडू खाली ठेवला. हेच, म्हणालो,
चुणी नाही, फुगवटा नाही, देवाने नेमून दिल्यासारखं.
त्याने ते माझ्यासमोर धरलं.
करंगळी हवेत राहिली,
पाहुण्यांकडे चहा पिताना राहते तशी.
"लहान आहे म्हणून लपतं," तो म्हणाला,
"आणि लहान आहे म्हणूनच हातात उडी मारतं.
चुकलेली गोळी कुठेतरी जाणारच ना, मास्तर?
शेटच्या आसपास नेहमी कुणाचं तरी लेकरू असतं."

मग मधलं.
मधलं म्हणजे दोन्हीकडून थोडं थोडं कमी, नेहमीसारखं.
उजवी बगल पाव इंच सैल सोडली,
अस्तराखाली कॅनव्हासचा तुकडा, घासून झिजू नये म्हणून,
खालच्या दुमडीत शिशाचे चार मणी:
झटकला की पदर मागे जाईल
आणि क्षणभर तिथेच थांबेल.
कुणी शिकवलं, त्याने विचारलं.

काय सांगू.
बार्शीला बाप अडत्यांसाठी बंड्या शिवायचा,
आत, काखेखाली, चोरखिसा.
म्हणायचा, घालणाऱ्यालाही विसर पडला पाहिजे,
आणि वेळेला हात आपसूक गेला पाहिजे.
त्यात नोटा जायच्या, कधी कुणाचं गहाण डोरलं.
आत काय ठेवणार, हे बापाने कधी विचारलं नाही.
मीही नाही.

एवढंच म्हणालो, की इथले लोक
पोटावर खंजीर बांधून लग्नाला जातात,
चांदीचा, चारचौघांत, उघडा,
आणि उपसलेला मी एकही पाहिला नाही.
शाहदाद हसला.
"दिसतो तो दागिना," म्हणाला.
पुढचं बोलला नाही.

बिलावर लिहिलं: कोट एक, दुरुस्ती. नऊ रियाल.

धाकटं टेबलावरच राहिलं.
फोन केला तर म्हणाला, असू दे, कापडावर वजन ठेवायला.
ते आता बटणांच्या खणात असतं.
एका रात्री शटर अर्ध्यावर ओढून
धरून पाहिलं.
माझीही करंगळी हवेत.

तेव्हापासून शुक्रवारी मत्राच्या समुद्रकाठी जातो
तर चेहरे दिसत नाहीत मला.
उजव्या बगला दिसतात.
परवा एकाची जरा फुगलेली. मी जागीच थांबलो.
त्याने आत हात घातला
आणि मुलीचं नाक पुसायला रुमाल काढला.
खिसा वरून लावलेला होता, टाके लांब लांब.
महिन्याभरात उसवेल.