शुक्रवारचा पाव

गुरुवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी
जग संपणार होतं.
ओतियाने सांगितलेलं, म्हणजे शंकेला जागा नव्हती.
एकतीस वर्षं त्याने गावातले पाण्याचे मीटर वाचले,
एका लिटरची चूक नाही.

म्हणून बुधवारी रात्री मी पीठ भिजवलं नाही.
आंबवणाचा डबा घासून पालथा घातला.
आईच्या आईपासून चालत आलेलं आंबवण
मोरीतून वाहून गेलं, आणि मला
इतकी गाढ झोप लागली
की पहाटे कोंबडा आरवला तेव्हा वाटलं,
हा कोण उपटसुंभ!

चारला सगळे अक्रोडाच्या झाडाखाली.
ठेवणीतले कपडे. गुलनाराचे तर बूटही नवे,
चावत होते तिला.
"आता चावून चावून किती वेळ चावतील," म्हणाली.
मुर्मानने जमिनीत पुरलेल्या रांजणाचं झाकण काढलं,
मुलीच्या लग्नासाठी राखलेली वाइन,
लग्न एप्रिलमध्ये.
पहिला पेला पृथ्वीसाठी, दुसरा पूर्वजांसाठी,
तिसऱ्यानंतर कोणासाठी ते विचारायचं राहूनच गेलं.
सातव्या पेल्याला अवक्सेंती उठला, रडला,
म्हणाला, बेसो, तुझ्या बाजूचं कुंपण
मीच सरकवत आलो, दर वसंतात चार बोटं.
बेसोने त्याला मिठी मारली.
ही मिठी लक्षात ठेवा.

चार बारा.

एक टर्की चौक ओलांडून गेली,
सावकाश, पाहणीला आलेल्या साहेबासारखी.

चार तेरा.
कोणी कोणाकडे बघेना.
चार वीसला शाळेतल्या बाई म्हणाल्या,
ओतियाचं घड्याळ पुढे असेल.
पावणेपाचला तिबिलिसीतल्या भाच्याला फोन लावला,
तिकडे काय परिस्थिती?
तो म्हणाला, ट्रॅफिक.

मग कोणीतरी हसलं, आधी नुसतं नाकातून.
पाद्रीबाबा सगळ्यांत उशिरा हसले,
पण थांबले सगळ्यांच्या नंतर.
गुलनाराने बूट काढून फांदीला टांगले
आणि अनवाणी घरी गेली.

शुक्रवारी सकाळी
बेसो मोजपट्टी घेऊन कुंपणापाशी.
मुर्मानची मुलगी रिकाम्या रांजणात वाकून
बापाविषयी जे काही बोलत होती
ते घुमून गावभर ऐकू येत होतं.
आणि माझ्या दाराशी रांग.
जगबुडीतून वाचलेल्या माणसांना भूक किती लागते,
ते मला विचारा.
सगळं होतं तसंच होतं,
डोंगर, अलाझानी नदी, विजेचं बिल.
पाव तेवढा नव्हता.

तेवढ्यात त्सिसाना आली.
चौदा वर्षं आमचं बोलणं नाही.
आपलं आंबवण मावशीकडून आलं असं ती सांगते,
न विचारता.
झाकलेलं भांडं तिने ओट्यावर ठेवलं.
"घे. तुझंच आहे.
तू बाजाराला गेली होतीस तेव्हा चमचाभर नेलेलं."
"मग काल का नाही बोललीस? सगळे बोलत होते."
"काल मरायचं होतं," म्हणाली,
"कशाला उगाच तोंड उघडू?
आज तुझ्याकडून पाव घ्यायचाय."

ओतिया संध्याकाळी आला, काखेत वही.
एक हातचा धरायचा राहिला होता, म्हणाला.
खरी तारीख एकोणीस मार्च, मंगळवार.
"दोन पाव दे. पैसे वीस तारखेला देतो."

मी भट्टीत खांद्यापर्यंत वाकले,
भिंतीला चिकटलेली होडीसारखी लांबुळकी पोळी सोडवली,
त्याच्या नाकासमोर धरली, वाफेसकट.

रोख, म्हटलं.

तो खिसे चाचपत उभा राहिला बराच वेळ.
सुट्टे नव्हते.
जगाच्या अंताला निघालेला माणूस
सुट्टे कशाला बाळगेल.