नोंद क्रमांक दोनशे बारा

एकोणपन्नास साली मला एक दौत मिळाली,
दोन टाक, पुठ्ठ्याची पाटी
आणि लष्करातल्या तीन गल्ल्या.
पगार तहसिलीचा, वहाणा माझ्या.
हुकूम एका ओळीचा :
एकवीस पूर्ण केलेला प्रत्येक माणूस लिहा.

प्रत्येक.
ग्वाल्हेर दरबारच्या दफ्तरात हा शब्द मी
फक्त पट्टी वसूल करताना पाहिला होता.
मतासाठी तेव्हा सारा भरल्याची पावती लागे,
नाहीतर चार बुकं तरी.
आता भिश्ती आला, कल्हईवाला आला,
पागेतला मोतद्दार आला
आणि त्याच्या खालच्याच ओळीत
खुद्द सरदार. शाई तीच.

पुरुष सोपे गेले.
बायका दाराआडून बांगड्यांनी बोलत.
“लिख लो, मुन्नू की अम्मा.”
लिहिलं. मुन्नूची आई. वकिलांची धाकटी सून.
एकीनं तर उखाणाच घातला :
चंदेरीच्या शेल्याला कोयरीचा घाट,
भास्कररावांचं नाव घेते, कारकून पाहतो वाट.
मी हसलो, टिपलं : भास्करराव.
तिचं राहिलंच.

मग वरून कागद आला.
नात्याला मत नसतं.
जिथे स्वतःचं नाव नाही, ती नोंद वगळा.
कचेरीत सगळे म्हणाले, काय हा जुलूम,
घरंदाज बायकांची नावं चव्हाट्यावर!
मला वाटलं, या बायांकडे
त्यांचं नाव मागणारा हा पहिलाच कागद.
बोललो नाही. नोकरी कच्ची होती.

मुदत महिन्याची. पुन्हा त्याच गल्ल्या, तीच कुत्री.
दाणाओळीत एक विधवा, सगळ्यांची आत्या.
“नाव? थांब हं.”
आत भांडी वाजली.
चिंचेनं घासलेला तांब्या घेऊन ती बाहेर आली,
पोटावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं.
“लग्नात वडिलांनी दिला. मला येत नाही, तूच वाच.”
चि. सौ. कां. भिवरा.
“भिवरा,” ती म्हणाली,
मीठ चाखून बघावं तसं.
“हो, असंच होतं. सासरी दुसरं ठेवलेलं,
ते नको लिहूस.”

सगळ्यांकडे तांब्या नव्हता.
एकशे चौदा नात्यांवर मी तांबड्या शाईनं रेघ ओढली.
हात नाही थरथरला. खोटं कशाला सांगू.

यादी छापून आली.
माझ्या गल्लीची तपासणी पाध्येकडे होती,
आपलं घर आपण तपासू नये, नियमच तो.
क्रमांक दोनशे बारा :
दिगंबर मोतीराम साठये यांची आई. वगळले.
रेघ पाध्येची.
नोंद माझी.
त्या दिवशी जेवता जेवता भरली होती,
घरच्या घरात काय विचारायचं, म्हणून.

मतदानाला थंडी मरणाची.
आईनं पहाटे उठून डबा भरून दिला.
बायकांच्या रांगेत भिवराबाई तिसऱ्या,
पदराखाली तांब्या,
पुरावा मागितलाच तर असावा म्हणून.
कुणी मागितला नाही.
त्या जरा हिरमुसल्याच.

रात्री आईला सांगितलं.
ती मटार सोलत होती.
“विचारलं असतंस तर सांगितलं असतं,”
एवढंच म्हणाली, आणि शेंगा संपवल्या.

पुढच्या निवडणुकीआधी मी
पाटी मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसलो,
परक्या घरात बसावं तसा, पाय आवरून.
“आपलं नाव?”
तिनं सांगितलं.
मी लिहिलं.
तिनं पाटी ओढून घेतली, चष्मा पुसला,
बराच वेळ बघत राहिली.
“ऱ्हस्व काढलास,” म्हणाली.
“माझा उकार दीर्घ आहे.”