कडू मध

दुपारचं इंजेक्शन मी उभ्यानेच घेते.
सदरा वर, पोटाची चिमूट, पेनाची सहा वेळा टिकटिक.
कुत्रा तेवढ्यापुरता तोंड फिरवतो.
अकराव्या वर्षापासून हे चाललंय. तेव्हा आई सुई उकळायची
दुधाच्याच पातेल्यात, आणि बाप म्हणायचा,
या घरात चीजला आता औषधाचा वास येणार.
आला नाही. बाप गेला, आई गेली, मी चोपन्नची झाले,
आणि पोटावर नवी जागा शोधते
डिसेंबरात मेंढ्या गवत शोधतात तशी.

सहा युनिटं आत. पुढ्यात भाकरी, चीज, कालचं घेवड्याचं कालवण.
पहिला घास उचलणार
तोच ती ओरडली. कानफाटकी. पहिलटकरीण.
दगडी बांधाच्या कडेला आडवी,
आणि कोकराचा एकच पाय बाहेर.

भाकरीला काय घाई.
घाई त्या सहा युनिटांना होती,
पण कोपरापर्यंत हात मेंढीत असताना
हे कुणाच्या ध्यानात राहतं?

दुसरा पाय दुमडलेला. मान उलटी.
मी मागे ढकललं, वळवलं, शिव्या घातल्या, हातापाया पडले,
मेंढीच्या, वाऱ्याच्या, गावच्या संताच्या,
आणि ते निसटून आलं एकदाचं,
पिवळट, वाफाळतं, बुळबुळीत.

तेव्हा मला वाटलं, किती छान दिसतंय सगळं.
उजेड जरा जास्तच पांढरा.
ओठ दुसऱ्या कुणाचे तरी.
आणि समोरच्या डोंगराचं नाव आठवेना,
ज्याच्याकडे बघत मी चालायला शिकले.

पूर्वी निरोप धाडून यायची ही:
आधी घाम, मग भूक, मग हातांचा कंप.
आता वयामुळे म्हणा, सलगीमुळे म्हणा,
दार न वाजवता थेट आत.

खिशात हात घातला. रिकामा.
लिंबाच्या शेवटच्या दोन गोळ्या सकाळीच
बाइन्झूला दिल्या, गुडघा फुटला म्हणून रडत होता.
मीटर म्हणालं एकेचाळीस.
झोपडी वीस पावलांवर. मी मोजली,
कारण आठ आलं दोनदा.

फळीवर प्रेदूची बरणी.
माझ्या भावाचा शेवटचा मध,
हिवाळ्याच्या तोंडावर लाल फळांच्या झुडपांना फुलं येतात, त्यांचा.
कडूजार. पाहुणे एकदाच चाखतात
आणि नम्रपणे चमचा खाली ठेवतात.
वर्षाच्या प्रार्थनेला उघडायची ठरली होती,
भावजयीने झाकणावर मेण लावून दिलेली.
मी दातांनी उघडली.

एक चमचा. कडू ते कडूच,
पण साखर आहे आत, आपल्या मुकाट्याने.
दुसरा चमचा. थोडा हनुवटीवर.
नुओरोची डॉक्टरीणबाई म्हणते, मग पंधरा मिनिटं स्वस्थ बसायचं.
पंधरा मिनिटं म्हणजे काय हे तिला विचारावं एकदा.
उंबऱ्यावर बसले. कोकरू उठलं, पडलं.
माझे गुडघेही माझे नव्हते अजून.
ते पुन्हा उठलं, आचळ सोडून
मेंढीच्या पुढच्या पायाला लुचायला लागलं.
अगं, मागे, मी म्हणाले,
आणि जीभ वळली म्हणून कळलं, ऐकू येतंय मला मी.

आधी परत आलं डोंगराचं नाव. कोर्रासी.
मोठ्याने म्हटलं, कुणी हिरावून घेऊ नये म्हणून.
मग मीटर: अडुसष्ट.
मग शेपटी हलवणारा कुत्रा,
ज्याने माझं चीज संपवलं होतं
आणि भाकरी तेवढी इमानाने ठेवली होती.

खाल्ली, न धुतल्या हातांनी.
संध्याकाळी वारा पडला. रात्रीचे चौदा घ्यायचे की बारा,
हा हिशोब अजून झालेला नाही.
बरणीचं झाकण आता नीट बसत नाही.
त्यावर माझे दात आहेत.
भावजयीला सांगेन, पडली हातातून.
ती बरणी बघेल, मग मला बघेल,
आणि विचारेल, किती होती?