कुर्लेदाजीचं चव्वेचाळिसावं मरण

वेंगुर्ल्याच्या बर्फ कारखान्यात
थर्माकोल ठोकलेली एक खोली आहे.
कॉम्प्रेसर बंद केला की तिथे इतकी शांतता
की गिळलेला आवंढाही माइकवर येतो.
बंद ठेवायचा तो दोनच तास,
पुढे लाद्यांना घाम फुटतो
आणि पहाटेचे खलाशी आमच्या आयांची आठवण काढतात.

त्या दोन-दोन तासांत आम्ही चार वर्षं
एक खेकडा जगवला.

कुर्लेदाजी. निवृत्त तलाठी.
सहीला मोठा डेंगा, लाच घ्यायला लहान.
सोमवारी रात्री साडेअकरा, फक्त प्रौढांसाठी,
भाग अकरा मिनिटांचा.
देवस्थानचे मानकरी आवाज बारीक करून बघायचे
आणि त्यांच्या सुना भिंतीला कान लावून.
शेवटी दाजी मरायचा:
पर्ससीनच्या जाळ्यात, पर्यटकाच्या रश्शात,
एकदा तर स्वतःच्याच सत्काराच्या नारळाखाली.
पुढच्या सोमवारी बिळातून बाहेर,
तीच लुंगी, तीच उधारी,
शिकला कधी काही नाही.
त्यावरच तर लोकांचा जीव.

मग अंधेरीहून फोन.
नव्वद मिनिटं करा, थेटरात लावू.
शिव्या एकोणीस चालतील.
आणि दाजीला बालपणीची एखादी जखम द्या.

खेकड्याचं बालपण!
मार्शेलीन, दाजीच्या बायकोचा आवाज,
सकाळी लिलावात सुरमईचा भाव पुकारणारी,
म्हणाली, जखम कसली मेल्यांनू,
एक डेंगो तुटलो तर दुसरो येता.
मी लिहून घेतलं.
अख्ख्या पटकथेत तेवढंच वाक्य खरं आहे.

ऋजुताचं दुखणं निराळं.
चार वर्षं तिचा समुद्र म्हणजे तीन रेघा
आणि बारा चित्रांची एक लाट, फिरून फिरून तीच.
मोठ्या पडद्यावर ती उघडी पडणार, म्हणून
वही घेऊन आठवडाभर धक्क्यावर बसली.
परतली ती चिडून.
एकही लाट पुन्हा येत नाही रे,
कोणाला परवडतं हे?

मलाही परवडत नव्हतं.
पुन्हा न येणारं काहीतरी हवं होतं,
म्हणून पंचाहत्तराव्या मिनिटाला
मी दाजीला मारला. कारणासकट.
जुन्या सह्यांची लाज, खडकावर आपटणारी होडी,
दोरात अडकवलेला मोठा डेंगा,
आणि पुढे सोमवार नाही.

जनू मेतर कॉम्प्रेसर चालवतो
आणि दाजी बोलतो.
कागद वाचून त्याने बिडी विझवली, अर्धी, जी तो कधी विझवत नाही.
'त्रेचाळीस येळा मेलंय मी ह्या खोलीत,
कारण कधी कोणी सांगूक नाय.
आता कारण सांगून मारतास
तर जरा भ्या वाटता.'

मी काय बोलणार.
खटका खाली आला. घरघर थांबली.
पहिल्या खेपेला तो सवयीने दात काढून मेला,
दुसऱ्या खेपेला जरा जास्तच मेला,
नाटकात मरतात तसा.
तिसऱ्या खेपेला, जिथे मी एकोणिसावी शिवी
मुद्दाम राखून ठेवली होती,
तिथे त्याने शिवी घेतलीच नाही.
श्वास सोडला फक्त,
खांद्यावरची लादी उतरवून ठेवताना सोडतो तसा.

कोणी काही म्हटलं नाही.
मार्शेलीनने मनगट वर करून घड्याळ दाखवलं,
शेजारी लाद्या पाझरायला लागल्या होत्या.

जनूने जाऊन खटका ओढला.
कारखाना पुन्हा घरघरला, भिंतीसकट.
त्या आवाजावर ओरडून त्याने दारातून विचारलं,
'मगे सोमवारी किती वाजता?'

आठ, मी म्हटलं.
ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

एक शिवी शिल्लक आहे.
अंधेरीचा फोन यायचाय अजून.