दोनदा घातलं तर

दोन बोल्ट. दहाचा पाना.
एवढ्याच आधारावर तो चाळीस वर्षं लटकून होता
इंजिनाच्या पुढच्या अंगाला, खाली,
जिथे हात पोचतो पण नजर पोचत नाही.

बाबा स्टुलावरून सांगतात, आधी दांडी सोडव,
मग नळ्या. नळ्यांना जपू नकोस, त्या मोडणारच.
मोडल्या.
आवाजसुद्धा न करता मोडल्या.
मनगटावरून काळं तेल कोपरापर्यंत आलं
आणि शेजारच्या गुलमोहराखाली कोंबडा उगाच ओरडला.

ह्या इंजिनाला पिस्टन नाही.
फुगीर बाजूंचा एक त्रिकोण पोटात घिरट्या घालतो,
त्याच्या तीन टोकांना तीन पात्या,
भिंतीला घासत घासत
मिनिटाला हजारो वेळा.
त्या पात्यांना तेल लागतं. फार नाही, थेंबांनी मोजण्याइतकं.
गाडी तेल पिते म्हणून अख्खं अन्यास्को नावं ठेवतं.
बाबा म्हणतात, पिते म्हणून जगते.

हा पंप एवढंच करायचा.
पाय दाबला की जरा जास्त, उचलला की जरा कमी.
ना मागणं, ना सांगणं.
आई गेल्यावर तीन आठवड्यांनी आम्हाला कळलं
की मिठाचा डबा
आपोआप भरत नव्हता.

आता तेल हाताने घालायचं, पेट्रोलमध्ये, दर टाकीला.
चाळीस लिटरला तीनशे वीस मिली.
मापाला बाळाची दुधाची बाटली, एलियेसेरची.
वादळाच्या वर्षी चार महिने दिवे नव्हते,
भाऊ पोराला घेऊन ओर्लांदोला गेला, बाटली राहिली.
एक बाटली पूर्ण, वर तिसरा हिस्सा.
एलियेसेरला आता मिसरूड फुटेल.

मला खरं तर तो काढायचा नव्हता.
पंप म्हातारा झालाय, त्याच्यावर भरवसा नाही, म्हणाले बाबा,
जे परवा शेगडीवर कॉफी ठेवून
देवळात निघून गेले.
मायाग्वेसच्या डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढायला सांगितलं,
बाबांनी एक लांबट गोल काढला, आत त्रिकोण,
आणि कागद परत देत म्हणाले,
हे जास्त चांगलं फिरतं.
त्या हसल्या नाहीत. मी हसले,
आणि मग गाडीत बसून बराच वेळ चावी फिरवली नाही.

ॲल्युमिनियमची चकती मी कापली, कडा घासल्या,
नवं रबरी कडं बसवलं, बोल्ट पिळले.
भोकाचं तोंड बंद.
पंप मात्र पुसला, तेलात बुडवून काढला,
वर्तमानपत्रात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवला
शिवणाच्या मशीनमागे.
बाबांना वाटतं, भंगारात दिला.

रविवारी, दोन नंबरच्या रस्त्यावरचा पंप.
बाबा बाटली उजेडात धरतात, एक डोळा मिटून,
रेषेशी रेषा जुळवतात
जसं कधीकाळी दूध जुळवलं असेल. माझं, भावाचं, त्याच्या पोराचं.
ओततात. झाकण लावतात.
पैसे देऊन परत येतात आणि विचारतात,
घातलं का गं?
घातलं बाबा.
लपवाछपवी करणाऱ्या पोरीकडे बघावं तसं माझ्याकडे बघतात
आणि पुन्हा बाटली भरायला घेतात.

मी हात धरत नाही.
दोनदा घातलं तर नुसता धूर.
विसरलं तर भिंतीवर एक ओरखडा,
मग दुसरा,
मग चढावर कुठेतरी
शांतता.

रिंकोनच्या वळणावर मागून मोटारसायकलवाला खोकतो,
आमच्या सात पिढ्या उद्धारतो.
सगळा रस्ता निळा झालाय.
बाबा आरशात बघतात, अगदी खूश,
म्हणतात, बघ इराइदा, विसरलो नाही.

मी काच खाली करते.